तीन वर्षांच्या मुलाला त्यातले काय कळते? टीव्हीवरचा बालकार्यक्रम पारखताना

इंदिरानगर असो, सिडको असो किंवा नाशिकरोड, बालवाडी सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर उभ्या असलेल्या पालकांच्या गप्पांत ‘तुमच्याकडे काय बघतात?’ हा प्रश्न हमखास निघतो. उत्तरात कार्यक्रमाचे नाव येते आणि त्याला जोडून एखादी शिफारसही येते. कोणी म्हणते, त्यात मारामारी नाही. कोणी म्हणते, त्यात आकडे आणि रंग शिकवतात. आणि सर्वांत अभिमानाने सांगितली जाणारी शिफारस अशी, की तो लागला की आमचा जागचा हलत नाही. यातली पहिली कसोटी बरोबर असली तरी फार थोडे सांगते, दुसरी फसवी आहे आणि तिसरीने तर काहीच सिद्ध होत नाही. कार्यक्रम बनवणाऱ्याने त्यात काय घातले आहे, याच्यावरून तो मुलाला योग्य आहे की नाही हे ठरत नाही. त्या वयाच्या मुलाच्या हाती त्यातले काय लागते, यावरून ते ठरते. बालमानसशास्त्रात गेल्या पन्नासेक वर्षांत या प्रश्नावर बरेच काम झाले आहे आणि त्यातले पुष्कळसे घरच्या घरी वापरता येण्याजोगे आहे.

वयाची गोष्ट आधी उरकून घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाच्या आतील बाळाला पडद्यासमोर बसवू नये, एक वर्षाच्या मुलासाठीही त्याची शिफारस नाही, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची कमाल मर्यादा आहे. त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटना असलेल्या इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा सल्लाही याच स्वरूपाचा आहे : दोन वर्षांपर्यंत पडदा नको, दोन ते पाच या वयात मोठ्यांच्या देखरेखीखाली फार तर एक तास.

दोन वर्षांची ही रेघ कोठून आली, हे समजले तर ती पाळणे सोपे जाते. अमेरिकेत 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लहान मुलांना टीव्हीच्या पडद्यावर दाखवण्यात आले, की शेजारच्या खोलीत एक बाई खेळणे लपवून ठेवत आहे. मग मुलांना त्या खोलीत सोडले आणि खेळणे शोधायला सांगितले. अडीच वर्षांच्या मुलांपैकी बहुतेकांना ते सापडले; दोन वर्षांच्या मुलांना मात्र बहुतेक वेळा सापडले नाही. तेच लपवणे त्याच वयाच्या मुलांनी खिडकीतून प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा त्यांना काहीच अडचण आली नाही. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती शाबूत होती आणि नजरही. पडद्यावरची खोली आणि शेजारची खोली यांचा संबंध तेवढा त्यांना लावता येत नव्हता. 2003 सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी भाषेत बोलणारी माणसे प्रत्यक्ष खेळली, तेव्हा बाळे त्या भाषेतले ध्वनी ओळखू लागली. तीच माणसे, तेच बोलणे व्हिडिओवर दाखवलेल्या बाळांच्या बाबतीत असे काहीच घडले नाही. दीड वर्षाच्या बाळासाठी ‘मेंदूविकास’ असे लिहिलेले व्हिडिओ शोधणाऱ्या पालकांनी एवढे दोन प्रयोग लक्षात ठेवले तरी पुरे. पुण्याच्या किंवा परदेशातल्या आजीशी होणारा व्हिडिओ कॉल यात धरू नये, कारण आजी बाळाच्या हुंकाराला उत्तर देते. कार्टूनमधला ससा देत नाही.

अडीच-तीन वर्षांनंतर चित्र बदलते, पण आपल्याला वाटते तेवढे बदलत नाही. तीन वर्षांच्या मुलांना टीव्हीवर लाह्यांनी भरलेले भांडे दाखवून, टीव्ही उलटा केला तर लाह्या सांडतील का, असे विचारले असता अनेक मुलांनी ‘सांडतील’ असे उत्तर दिल्याचे 1990 च्या एका अभ्यासात आढळले. चार वर्षांच्या मुलांची अशी गफलत फारशी होत नव्हती. पडद्यावरची भाषाही शिकावी लागते, हे आपण मोठे झाल्यावर विसरून जातो. एका खोलीतून पात्र बाहेर पडले आणि पुढच्या क्षणी ते बाजारात दिसले, तर मधला रस्ता आपण मनातल्या मनात भरून घेतो. धुरकट कडा दिसल्या की हे स्वप्न आहे, किंवा रंग उडालेले दिसले की ही जुनी आठवण आहे, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये आपला पहिला चित्रपट लोकांपुढे आणला, त्यानंतर या देशातल्या प्रेक्षकांना ही भाषा अंगवळणी पडायला काही काळ गेलाच असणार; तीन वर्षांच्या मुलाला ती दोन आठवड्यांत येईल ही अपेक्षा जरा जास्तच आहे. म्हणून कार्यक्रमाची पहिली पारख अगदी साधी करता येते. एक भाग स्वतः पाहावा आणि त्यात गोष्ट सरळ काळात, एका जागेवरून दुसरीकडे दिसेल अशा रीतीने पुढे सरकते का, की ती स्वप्ने, आठवणी आणि ‘इकडे काय चालले आहे पाहा’ अशा उड्या मारत जाते, हे तपासावे. आवाज बंद करूनही एखादा प्रसंग पाहावा : नुसत्या चित्रावरून काय घडले ते सांगता येत असेल, तर चित्र आणि बोलणे एकमेकांना धरून आहेत असे समजायला हरकत नाही.

आता त्या ‘जागचा हलत नाही’ या शिफारशीकडे वळू. मूल टक लावून पाहते म्हणजे त्याला ते आवडते, आणि आवडते म्हणजे कळते, अशी आपली समजूत असते. अमेरिकेत 1969 मध्ये सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या कार्यक्रमाच्या निर्मात्यांनी मुलांचे लक्ष मोजण्याची एक युक्ती वापरली होती. टीव्हीशेजारी स्लाइड प्रोजेक्टर ठेवून त्यावरची चित्रे दर साडेसात सेकंदांनी बदलत ठेवली जात आणि मुलाची नजर टीव्हीवरून प्रोजेक्टरकडे केव्हा वळते याची नोंद होत असे. त्या चाचण्यांत असे दिसले, की रस्त्यावर फक्त माणसे असलेले प्रसंग आले की मुलांचे लक्ष उडते; तोवर तज्ज्ञांच्या सल्ल्याने माणसे आणि बाहुल्या वेगवेगळ्या ठेवल्या होत्या, तो सल्ला बाजूला सारून माणसांबरोबर वावरतील अशा मोठ्या बाहुल्या मुद्दाम बनवल्या गेल्या. पुस्तकी मतापेक्षा मुलाच्या नजरेवर विश्वास टाकणारे असे निर्माते विरळाच.

पण नजर म्हणजे आकलन नव्हे, हेही त्याच कार्यक्रमावरील पुढच्या संशोधनाने दाखवून दिले. 1979 च्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला रिकाम्या खोलीत कार्यक्रम दाखवला, दुसऱ्या गटाच्या खोलीत खेळणी ठेवली. रिकाम्या खोलीतली मुले सुमारे 87 टक्के वेळ पडद्याकडे पाहत होती. खेळणी असलेली मुले जेमतेम 44 टक्के. नंतर प्रश्न विचारले तेव्हा दोन्ही गटांना सारखेच कळले होते. खेळणारी मुले कानाने गोष्टीचा माग ठेवत होती आणि समजण्यासारखे, महत्त्वाचे काही आले की मान वर करत होती. आणखी एका प्रयोगात त्याच कार्यक्रमातले संवाद उलटे लावले किंवा परक्या भाषेत ऐकवले, तेव्हा चित्रे तीच असूनही मुलांचे लक्ष घसरले. याचा अर्थ असा, की चांगल्या कार्यक्रमात मूल कळते म्हणून पाहते. याउलट दर दोन सेकंदांनी झगमगाट, धडाम-ढिशुम, कानठळ्या बसवणारे संगीत असेल तर डोळे पडद्याला चिकटतात ते दचकल्यासारखे. त्यात कळण्याचा भाग थोडाच. घरी याची परीक्षा घ्यायची तर कार्यक्रम चालू असताना जमिनीवर ठोकळे किंवा भातुकली मांडून ठेवावी. मूल अधूनमधून खेळत असेल, मधेच मान वर करून हसत असेल, पात्राला काहीतरी सांगत असेल, तर ते उत्तम लक्षण आहे. हात खाली, तोंड किंचित उघडे, हाक मारली तरी उत्तर नाही, ही एकाग्रता आहे असे समजण्याची घाई करू नये.

गतीविषयी बरेच बोलले जाते, आणि त्यात अर्धवट माहितीही खूप असते, म्हणून थोडे सविस्तर. 2011 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात चार वर्षांच्या 60 मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाने नऊ मिनिटे एक धावपळीचे कार्टून पाहिले, दुसऱ्याने तेवढाच वेळ एक संथ शैक्षणिक कार्टून पाहिले आणि तिसऱ्याने चित्रे काढली. लगेच नंतर मुलांना थांबून विचार करावा लागेल अशी कामे दिली : खाऊ समोर ठेवून वाट पाहणे, सांगितलेल्याच्या उलट कृती करणे, अशा स्वरूपाची. धावपळीचे कार्टून पाहिलेली मुले या कामांत मागे पडली. त्या कार्टूनमध्ये सरासरी दर 11 सेकंदांनी पूर्ण दृश्य बदलत होते, संथ कार्टूनमध्ये दर 34 सेकंदांनी. हा परिणाम पाहण्याच्या लगेच नंतरचा आहे. कार्टून पाहून मुलाचा मेंदू कायमचा बिघडतो असा निष्कर्ष त्यातून निघत नाही, जरी मोबाइलवर फिरणारे संदेश तसा काढतात. तो प्रयोग करणाऱ्या संशोधिकेच्याच 2015 च्या पुढील अभ्यासात असे दिसले, की गतीपेक्षाही अशक्य घटनांची गर्दी हे मोठे कारण असावे : पात्र चेपून पापड होते, पुन्हा फुगते, भिंतीतून आरपार जाते, आणि प्रत्येक वेळी मुलाच्या डोक्याला ‘असे कसे झाले?’ हे नव्याने पचवावे लागते.

ही पारख करण्यासाठी घड्याळ आणि कागद एवढेच लागते. कार्यक्रमाच्या मध्यातली दोन-तीन मिनिटे निवडावीत आणि जागा पूर्ण बदलली की एक रेघ मारावी. त्याच खोलीत कॅमेरा इकडून तिकडे गेला तर तो बदल मोजू नये. मिनिटाला एक-दोन रेघा येत असतील तर तो कार्यक्रम त्या प्रयोगातल्या संथ कार्टूनच्या जवळपास आहे. पाच-सहाच्या पुढे गेल्या तर धावपळीच्या. पहिल्या मिनिटावर मात्र जाऊ नये, कारण शीर्षकगीत नेहमीच धावते.

‘त्यात शिकवतात’ ही शिफारस तपासायला अधिक वेळ द्यावा लागतो, आणि बहुतेक ‘शैक्षणिक’ म्हणवणारे कार्यक्रम इथेच उघडे पडतात. शालोम फिश या संशोधकाने 2000 साली मांडलेली कल्पना या बाबतीत उपयोगी आहे. मुलाच्या डोक्याची एका वेळी काम करण्याची क्षमता मर्यादित असते. ती गोष्ट समजून घेण्यात खर्च होते आणि शिकवण समजून घेण्यातही. शिकवण गोष्टीच्या बाहेर चिकटवलेली असेल तर दोन्ही एकमेकींच्या तोंडचा घास काढतात आणि बहुतेक वेळा गोष्ट जिंकते. शिकवण गोष्टीच्या आत असेल, म्हणजे पूल ओलांडायला पाच फळ्या लागतात आणि पात्रांकडे तीनच आहेत, तर मोजल्याशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही आणि गोष्ट समजली की मोजणेही समजते. याउलट सशाचे लांडग्यापासून पळणे चालू असताना कोपऱ्यात एक फुलपाखरू येऊन ‘चला, त्रिकोण ओळखू या’ म्हणत असेल, तर तो त्रिकोण निर्मात्याच्या जाहिरातीत दिसेल, मुलाच्या डोक्यात राहणार नाही. स्वतःला विचारावे : हा शिकवण्याचा भाग कापून टाकला तर गोष्ट अडते का? अडत नसेल तर तो कार्यक्रम करमणुकीचा समजून त्याच मापाने मोजावा. करमणूक असण्यात काही गैर नाही, फक्त शाळेचे नाव तिला देऊ नये.

वागणुकीचे धडे देणाऱ्या गोष्टींत तर हा घोटाळा उलट्या बाजूनेही होतो. सिडकोतल्या माझ्या परिचयाच्या घरातली साडेतीन वर्षांची मुलगी एका संध्याकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या मुलाला ठामपणे सांगत होती, ‘तू हळू पळतोस, तुला नाही घेणार.’ ही भाषा घरातली नव्हती. तिच्या आईने दुपारी पाहिलेला भाग पुन्हा लावला, तेव्हा उलगडा झाला. ससा आणि खार कासवाला खेळायला घेत नाहीत, त्याला चिडवतात, त्याच्यासमोर चेंडू नाचवतात; असे जवळजवळ सगळा भाग चालते, आणि शेवटी सशाला चूक कळून तो माफी मागतो, तीही गाण्यातून. आईने विचारले, ‘गोष्टीत काय झालं गं?’ मुलगी म्हणाली, ‘कासव हळू होतं. त्याला नाही घेतलं.’ ‘मग?’ ‘मग गाणं लागलं.’ तिच्या हिशेबाने गोष्ट गाण्याआधीच संपली होती.

ही एका घरातली गंमत नाही. पाच-साडेपाच वर्षांच्या मुलांना एका लोकप्रिय अमेरिकन कार्टूनचा भाग दाखवून केलेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या भागात तीन पायांच्या कुत्र्याला आधी टाळणारी पात्रे शेवटी त्याला आपले मानतात. वेगळेपण असलेल्या कोणाशीही चांगले वागावे, हे तात्पर्य फार थोड्या मुलांना सांगता आले. बरीच मुले कुत्र्यांच्या पलीकडे गेलीच नाहीत. 2006 च्या दुसऱ्या एका अभ्यासात शैक्षणिक कार्यक्रम अधिक पाहणाऱ्या लहान मुलांत ‘तुझ्याशी खेळणार नाही’ छापाचा दुरावा आणण्याचे वागणे अधिक आढळले होते, आणि त्याचे एक संभाव्य कारण असेच सांगितले गेले, की अशा गोष्टींत भांडण लांबलचक आणि रंगतदार असते, समेट मात्र शेवटच्या अर्ध्या मिनिटात उरकलेला असतो. तीन-चार वर्षांचे मूल शेवटावरून मागचे प्रसंग नव्याने पाहत नाही. जे जास्त वेळ पाहिले तेच त्याच्याकडे राहते. म्हणून मूल्यशिक्षणाचा भाग पाहताना घड्याळ लावून वाईट वागणे किती वेळ चालले आणि ते सुधारणे किती वेळ, एवढे मोजावे. चांगले वागणे कसे करायचे हे भागभर दाखवणारे, म्हणजे रांगेत थांबणे, वाटून घेणे, रुसलेल्याशी बोलणे हीच गोष्ट असलेले भाग नक्कीच मिळतात, पण ते शोधावे लागतात.

पात्राने मुलाला प्रश्न विचारल्यावर ते किती वेळ थांबते, ही मला सर्वांत भरवशाची खूण वाटते. अमेरिकेत 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’ या कार्यक्रमाने या थांबण्याचे जवळजवळ शास्त्र बनवले. सूत्रधार प्रश्न विचारायचा, कॅमेऱ्याकडे पाहत गप्प राहायचा, आणि ती शांतता मोठ्यांना अवघडल्यासारखी वाटेल इतकी लांबायची. शिवाय एकच भाग सलग पाच दिवस दाखवला जात असे. संशोधकांनी पाहिले तेव्हा पुन्हा पुन्हा पाहून मुलांचे आकलन वाढत होते आणि पडद्याला उत्तरे देणेही. तेव्हा मूल तोच भाग विसाव्यांदा मागत असेल तर कंटाळा आपल्याला येतो, त्याला नाही. त्याचे काम अजून चालू असते. आपल्याकडच्या कित्येक व्हिडिओंत मात्र ‘हा कोणता रंग? बरोब्बर, लाल!’ हे एका श्वासात होते. प्रश्न संपल्यावर मनात सावकाश चारपर्यंत मोजावे. त्याआधीच शाबासकी आली, तर तो प्रश्न मुलाला विचारलेला नव्हता.

भाषेचा प्रश्न नाशिकच्या घरांत रोजचा आहे. मुलांच्या वाहिन्यांवर जे चालते ते बहुतांश हिंदी डबिंगमध्ये, आणि त्यामुळे ‘आई, मुझे पोळी नको’ अशी वाक्ये घरोघर ऐकू येतात. दोन भाषा कानावर पडल्याने मुलाचे नुकसान होते असे मला वाटत नाही. या शहरात भाजीवाल्यापासून औद्योगिक वसाहतीतल्या शेजाऱ्यांपर्यंत हिंदी आहेच. प्रश्न आकलनाचा आहे. परक्या भाषेत संवाद ऐकवल्यावर मुलांचे लक्ष घसरले, तो प्रयोग इथे आठवावा : ज्या मुलाची हिंदी अजून कच्ची आहे, ते हिंदी कार्यक्रमातून चित्रे आणि आरडाओरडा तेवढा उचलते, आणि मग धावपळीचे, कमी बोलण्याचे कार्यक्रमच त्याला आवडू लागतात. मराठी बालगीतांच्या व्हिडिओंवर डोळे झाकून विसंबावे अशीही स्थिती नाही. त्यांत ‘बाळ’चे ‘बाल’ होते, यंत्राने वाचल्यासारखे सूर लागतात, आणि गाण्यात चिऊताई असताना चित्रात बर्फ पडत असतो. ‘सेसमी स्ट्रीट’ भारतात आणताना नुसते डबिंग केले नव्हते. 2006 मध्ये ‘गली गली सिम सिम’ या नावाने इथली पात्रे, इथली गल्ली उभी केली, आणि शाळेच्या गणवेशातली चमकी ही मुलगी त्यातूनच आली. गोदाघाटावर कबुतरांना दाणे टाकलेल्या आणि दारावरून द्राक्षांच्या जाळ्या जाताना पाहिलेल्या मुलाला पडद्यावरची गोष्ट आपल्या जगाला जोडता आली पाहिजे. ती जोडणी जितकी सोपी, तितकी गोष्ट पडद्याबाहेर येण्याची शक्यता जास्त.

भीती कशाची वाटते, हे ठरवण्यात मोठ्यांची सर्वाधिक फसगत होते. जोअ‍ॅन कँटर या संशोधिकेने लहान मुलांच्या भीतीवर दीर्घकाळ काम केले. अमेरिकन टीव्हीवर हल्क नावाचा हिरवागार, राक्षसासारखा नायक होता. तो दुष्टांना मारून दुबळ्यांना वाचवत असे. मोठी मुले तो आला की निर्धास्त होत, पण बालवाडीच्या वयाच्या मुलांना नेमकी त्याचीच भीती वाटे, विशेषतः साध्या माणसाचा तो होताना. या वयात भीती दिसण्यावरून ठरते. तो कोणाच्या बाजूचा आहे हा विचार नंतरचा. याच कारणाने पौराणिक कार्टूनला ‘देवाचेच तर आहे’ म्हणून सूट देऊ नये. पंचवटीत आजी नातवाला शूर्पणखेची गोष्ट सांगते, तेव्हा नातवाचा चेहरा पाहून ती नाकाचा प्रसंग एका वाक्यात उरकते आणि लक्ष्मणरेषेकडे वळते. पडद्यावर मात्र तोंड विक्राळ होते, केस पसरतात, किंकाळी घुमते, आणि ते सगळे समोरच्या मुलाचे वय न पाहता.

वयाच्या शिक्क्यावर किती विसंबावे? फारसे नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरील कार्यक्रमांना सर्वांसाठी, सात वर्षांवरील, तेरावरील, सोळावरील आणि प्रौढांसाठी अशा श्रेणी द्याव्या लागतात. सातच्या खाली वेगळी श्रेणीच नाही. ‘सर्वांसाठी’ याचा अर्थ त्यात आक्षेपार्ह काही नाही इतकाच; तो तीन वर्षांच्या मुलाला समजेल असे तो शिक्का म्हणत नाही. चित्रे काढून बनवले म्हणजे मुलांचे, हेही खरे नाही. आपल्याकडे घराघरांत पोचलेला शिनचॅन हा जपानमध्ये 1990 मध्ये प्रौढांच्या एका कॉमिक साप्ताहिकातून पुढे आला, आणि आईवडिलांना उलट उत्तरे देणारा तो मुलगा कोणाला हसवण्यासाठी होता हे त्यावरून लक्षात यावे. जाहिरातींबाबत 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मुलांच्या कार्यक्रमांत चिप्स आणि शीतपेयांसारख्या पदार्थांच्या जाहिराती नकोत असे म्हटले आहे. पण यूट्यूबवर खेळणी उघडून दाखवणारे जे व्हिडिओ असतात, त्यांत कार्यक्रम कोणता आणि जाहिरात कोणती हे मोठ्यांनाही सांगता येणार नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना जाहिरातीमागचा विकण्याचा हेतू नीट कळत नाही, हे लक्षात घेता असे व्हिडिओ सरसकट वगळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्यक्रम कितीही निवडून ठेवला तरी एक भोक राहते, ते म्हणजे मोठ्यांच्या मालिका. संध्याकाळी दिवाणखान्यात आजी-आजोबांची मालिका चालू असते आणि मूल कोपऱ्यात गाड्या लावत असते. ते कुठे बघते, असे आपण म्हणतो. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक ते तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन खोलीत मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लावून ठेवला. मुलांनी पडद्याकडे क्वचितच आणि क्षणभरच पाहिले, तरीही त्यांचा खेळ तुटक झाला. एकाच खेळात रमून राहण्याचा वेळ कमी झाला. टीव्ही चालू असताना आईवडीलही मुलाशी कमी बोलतात, असे याच विषयावरच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसले. दोन खोल्यांच्या घरात आजोबांना आत जा म्हणणे शोभत नाही, हे मान्य. मग मुलाचा खेळ त्या अर्ध्या तासापुरता स्वयंपाकघरात हलवावा, कणकेचा गोळा हाती द्यावा, किंवा तीच वेळ खाली फेरी मारण्याची ठेवावी.

खरी परीक्षा कार्यक्रम संपल्यावर असते. लगेच ‘काय शिकलास?’ असे विचारू नये. या प्रश्नाला तीन वर्षांचे मूल एक तर गप्प बसते किंवा आपल्याला हवे ते सांगते. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी त्याचा खेळ पाहावा. त्यात कार्यक्रमातली नुसती आरोळी आली आहे का, की पात्रांची अडचण आली आहे? पूल बांधला जातो आहे का, दुकान मांडले जाते आहे का, बाहुलीला डॉक्टरकडे नेले जाते आहे का? बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, दगड, शिंपले अशा परिसरातल्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. त्या परंपरेत वाढलेल्या कोणत्याही बालवाडीताईला विचारावे, मूल शिकले हे तिला त्याच्या हातांवरून कळते. ज्या कार्यक्रमानंतर मूल अधिक खेळते, तो ठेवावा. ज्याच्यानंतर ते किरकिर करते आणि पुढचा भाग, पुढचा भाग इतकेच मागते, तो हळूहळू बाजूला सारावा. त्यासाठी ऑटोप्ले बंद करणे आणि भाग संपल्यावर पडदा काळा होऊ देणे, हा सर्वांत कमी भांडणाचा मार्ग आहे.

बाजूला सारलेला कार्यक्रम कायमचा बाद झाला असे मानण्याचे कारण नाही. साडेतीनव्या वर्षी जिला माफीचे गाणे गोष्टीबाहेरचे वाटले, तीच मुलगी सहाव्या वर्षी ‘ससा आधी कसा वागला’ हे आपणहून सांगेल. अडचण येते ती एकाच घरात तीन आणि सात वर्षांची भावंडे असली की, आणि आपल्याकडे ती बहुतेक घरांत येतेच. अशा वेळी दोघे एकत्र बसणार असतील तर निवड धाकट्याच्या वयाने करावी, कारण संथ कार्यक्रमाने थोरल्याचे काही बिघडत नाही, धावपळीच्या आणि भीतिदायक कार्यक्रमाने धाकट्याचे बिघडते. थोरला कुरकुर करेल. त्याचा कार्यक्रम धाकटा दुपारी झोपल्यावर लावावा.